युद्धनौकेचा यंत्रखाना : हातांनीं करावयाचा एक व्यवसाय

आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यापासून समुद्र शंभर कोसांहून अधिक दूर आहे. येथील पुष्कळ मुलांनीं तो चित्रांतच पाहिला असेल. पाणी म्हणजे घरणीचें धरण, मांजरेचें पात्र किंवा घरच्या विहिरीचा तळ, इतकीच त्यांची ओळख. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आमच्या वाचकांतील वडीलधारी मंडळी विसरलेली नाहींत. अशा कोरड्या मुलुखांतील मुलांना युद्धनौकेवरील नोकरीची माहिती सांगणें कोणास विचित्र वाटेल. परंतु युद्धनौकेच्या पोटांत जें काम चालतें, त्याचा संबंध पाण्यापेक्षां यंत्रांशीं अधिक असतो. आणि यंत्राशीं आमच्या खेड्यांतील मुलाची ओळख फार लवकर होते. शेतावरचा पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, तेलाचें इंजिन हीं त्याच्या डोळ्यांसमोर चालू होतात, बंद पडतात आणि दुरुस्त होतात.

दरवर्षीं परीक्षेचा निकाल लागला कीं पालक शिक्षकांना दोन प्रश्न विचारतात. मुलगा हुशार असेल तर तो डॉक्टर होईल कीं इंजिनियर, हा पहिला. आणि मध्यम असेल तर त्याचें आतां काय करावें, हा दुसरा. लातूरच्या शिकवणी वर्गांचें नांव साऱ्या महाराष्ट्रांत झाल्यापासून हे दोन्ही प्रश्न अधिकच निकडीचे झाले आहेत. या दोन प्रश्नांच्या मध्यें एक मुलगा उभा असतो. त्याच्याकडे कोणाचें लक्ष क्वचित् जातें. त्याला गणित बरें येतें, पदार्थविज्ञान आवडतें. परंतु त्याचा जीव खरा रमतो तो बंद पडलेला पंप उकलून पुन्हां चालू करण्यांत. हा लेख त्या मुलासाठीं, तशाच मुलीसाठीं, आणि त्यांच्या आईबापांसाठीं आहे.

प्रथम युद्धनौका म्हणजे काय तें पाहूं. सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस कोचीन येथें 'विक्रांत' नांवाची विमानवाहू नौका भारतीय नौदलांत दाखल झाली. ती कोचीनच्या गोदींतच बांधली गेली. तिची लांबी २६२ मीटर, म्हणजे पाव किलोमीटरहून अधिक. रुंदी ६२ मीटर. आणि आंत लहानमोठे सुमारें २,३०० कप्पे. दीड हजारांहून अधिक माणसें तींत राहूं शकतात. शिरूरसारख्या गांवाला जें जें लागतें तें सर्व या नौकेला लागतें : वीज, पाणी, स्वयंपाक, दवाखाना, थंड कोठार, सांडपाण्याची व्यवस्था. फरक एवढाच कीं गांवांतील वीज गेली तर तालुक्याच्या ठिकाणाहून माणूस येतो. भर समुद्रांत कोणी येत नाहीं. तेथें जें बिघडेल तें तेथल्याच माणसांनीं, तेथल्याच हत्यारांनीं आणि बरोबर नेलेल्या सुट्या भागांनीं नीट करावें लागतें. या एका गोष्टींत युद्धनौकेवरील यंत्रकामाचें सारें मर्म सांठविलेलें आहे.

हीं यंत्रें मुख्यतः तीन जातींचीं असतात, आणि तिन्हींचा नमुना आमच्या मुलांना परका नाहीं.

पहिली जात वाफेची. लातूर जिल्ह्यांतील साखर कारखाना ज्यानें आंतून पाहिला असेल त्याला ती लगेच समजेल. उसाचा रस काढल्यावर जें चिपाड उरतें, ज्याला कारखान्यांत बगॅस म्हणतात, तें जाळून बॉयलरांतील पाण्याची वाफ करतात; ती दाबाखालची वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडली कीं चक्र गरगर फिरूं लागतें. जहाजांत चिपाडाऐवजीं तेल जाळतात, आणि चक्राच्या फिरण्यानें दांतेरी चाकांच्या मार्फत जहाजाचा पंखा फिरतो. रशियांत नव्यानें सिद्ध होऊन सन २०१३ मध्यें आमच्या नौदलांत आलेली 'विक्रमादित्य' ही नौका याच प्रकारची असून तिच्यांत आठ बॉयलर आहेत.

दुसरी जात डिझेल इंजिनाची. येथें बॉयलर नाहीं. नळकांड्यांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, आणि तींत सोडलेलें डिझेल ठिणगीवांचून पेटतें. ट्रॅक्टरचें इंजिन याच तत्त्वावर चालतें. जहाजावरील इंजिन आकारानें कितीतरी पट मोठें, पण घराणें तेंच.

तिसरी जात वायुटर्बाइनची. विमानाच्या जेट इंजिनाची ही धाकटी बहीण. आंत ओढलेली हवा दाबतात, तींत इंधन जाळतात आणि त्या तप्त वायूच्या झोतानें पातीं फिरतात. नव्या 'विक्रांत'मध्यें अशीं चार यंत्रें असून त्यांच्या जोरावर ती ताशीं २८ सागरी मैल, म्हणजे सुमारें ५२ किलोमीटर, इतक्या वेगानें जाऊं शकते. एवढें मोठें ओझें एवढ्या वेगानें पाण्यांतून नेणें म्हणजे काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाच्या पुस्तकावर डोकें ठेवून करावा.

या मुख्य यंत्रांखेरीज वीज उत्पन्न करणारीं जनित्रें, सुकाणूचें यंत्र, आग विझविण्याचे पंप, शीतयंत्रें, हवा दाबणारीं यंत्रें अशीं कितीतरी साहाय्यक यंत्रें असतात. त्यांतील एका यंत्राचें आमच्या लातूरकरांस विशेष कौतुक वाटावें. समुद्राचें खारट पाणी मोठ्या दाबानें एका अतिशय सूक्ष्म पडद्यांतून पलीकडे ढकललें जातें; मीठ अलीकडे राहतें आणि पलीकडे पिण्याजोगें गोडें पाणी मिळतें. तें यंत्र बंद पडलें तर चोहींकडे पाणीच पाणी असतांही जहाज तहानलेलें राहील. पाण्याची किंमत ज्यानें लहानपणीं घागरीनें मोजली आहे, त्याच्या हातीं असें यंत्र सोंपविण्यास हरकत नसावी.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हीं यंत्रें कोण चालवितो आणि कोण दुरुस्त करतो? येथेंच पुष्कळ पालकांची समजूत चुकते. त्यांना वाटतें कीं मुलानें इंजिनियरची पदवी घेतली, तो नौदलांत अधिकारी झाला, म्हणजे तो दिवसभर यंत्रांशीं झुंजेल. वस्तुतः अभियांत्रिकी अधिकाऱ्याचें काम निराळें आहे. सर्व यंत्रखान्याची जबाबदारी त्याच्या शिरावर असते. कोणतें यंत्र केव्हां बंद करावयाचें, कोणता धोका पत्करावयाचा, कोणत्या माणसाला कोठें उभें करावयाचें, कप्तानाला काय सांगावयाचें, हें तो ठरवितो. त्याला यंत्राचें ज्ञान सखोल असावें लागतें. परंतु पाना त्याच्या हातांत थोडा वेळ असतो आणि कागद, माणसें व निर्णय पुष्कळ वेळ.

पाना ज्याच्या हातांत असतो तो नौसैनिक, म्हणजे पूर्वीच्या भाषेंत खलाशी. त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. चार तास तो यंत्रापाशीं उभा राहतो. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, फेऱ्यांची गति नियमानें पाहून वहींत लिहितो. आवाज बदलला कीं कान टवकारतो. गळती दिसली कीं झडप बंद करतो. आणि पाळीबाहेरच्या वेळीं पंप उकलणें, बेअरिंग बदलणें, नळ जोडणें, विजेच्या तारा तपासणें हें करतो. नव्या जहाजांत यंत्रांपासून अलग अशा थंड खोलींत बसून पुष्कळ गोष्टी पडद्यावर पाहतां येतात. तरीपण गळणारा सांधा पडद्यावरून आवळतां येत नाहीं. अनुभवानें तो पायरी पायरीनें लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि शेवटीं मास्टर चीफ पेटी ऑफिसर या पदापर्यंत चढूं शकतो. वीस वर्षें ज्यानें एकाच जातीचीं इंजिनें हाताळलीं आहेत, अशा माणसाचें मत तरुण अधिकारी आदरानें ऐकून घेतो. कारण पुस्तकांत नसलेलें ज्ञान त्याच्या बोटांत असतें.

या ज्ञानाची किंमत काय, हें सन १९७१ च्या युद्धांत दिसून आलें. त्या वेळची 'विक्रांत' ही आजच्या नौकेची पूर्वज. ती सन १९६१ मध्यें नौदलांत आली होती आणि वाफेवर चालत असे. सन १९७० मध्यें तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांत भेगा आढळल्या. वितळजोड करून त्या बुजवितां येईनात. नवे ड्रम इंग्लंडांतून यावयाचे होते. नौका मुंबईच्या बंदरांत निश्चल पडून राहिली. इकडे युद्धाचीं चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां वाफेचा दाब नेहमीपेक्षां बराच कमी ठेवून, पंख्याच्या फेऱ्यांवर मर्यादा घालून आणि बॉयलरांवर अहोरात्र नजर ठेवून नौका पुन्हां चालू करावयाची, असें ठरलें. वसंत ऋतूंत समुद्रावर चांचण्या झाल्या, आणि प्रथम तिच्या गतीला ताशीं १४ सागरी मैलांची मर्यादा घालण्यांत आली.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. विमान उडविणाऱ्या नौकेला वेग हवा असतो, कारण समोरून येणारा वारा विमानाला उचलण्यास मदत करतो. शिवाय त्या नौकेवर विमानाला पुढें फेंकणारी गलोल वाफेवरच चालत असे. म्हणजे ज्या बॉयलरांत भेगा, त्यांच्यावरच जहाजाची गति आणि विमानांचें उड्डाण दोन्ही अवलंबून. अशा स्थितींत डिसेंबर १९७१ मध्यें ती नौका बंगालच्या उपसागरांत गेली आणि ४ डिसेंबर रोजीं तिच्यावरून उडालेल्या विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव यांवर हल्ले केले. विमानें उडविणाऱ्या वीरांचें कौतुक झालें, आणि तें योग्यच झालें. परंतु त्या विमानांखालीं, पोलादी मजल्यांच्या तळाशीं, दाबमापकाच्या कांट्यावर डोळे खिळवून कांहीं माणसें उभीं होतीं. भेगाळलेल्या बॉयलराशेजारीं पाळी करणें म्हणजे काय, हें त्यांनाच ठाऊक.

आमच्या समाजांत हाताच्या कामाला कमी लेखण्याची एक जुनी खोड आहे. लिहिणारा मोठा आणि घडविणारा लहान, असें आपण न बोलतां मानतों. वास्तविक आपल्या मराठवाड्याच्या भूमीनें याच्या उलट शिकविलें आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवीं संत गोरोबा माती तुडवीत होते. ज्याच्या नांवानें आमच्यासारख्या शाळा चालतात, त्या प्रभु येशूनें आपल्या आयुष्याचीं बहुतेक वर्षें नाझरेथ येथें सुताराच्या कामांत घालविलीं. आणि पौलासारखा विद्वान् मनुष्य राहुट्या शिवून आपलें पोट भरीत असे. हातांत घट्टे पडले म्हणून त्यांपैकीं कोणाची योग्यता उणी झाली नाहीं.

आगबोटींच्या यंत्रकामांत तर मुंबई इलाख्याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे सन १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या कुळानें मुंबईच्या गोदींत पिढ्यान्पिढ्या जहाजें बांधलीं. त्या गोदींत सन १८१७ मध्यें सागवानानें बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही नौका इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अजून तरंगत आहे. याच कुळांतील अर्देशीर कर्सेटजी यांना लांकडी जहाजांपेक्षां वाफेच्या यंत्रांचें वेड लागलें. सन १८३४ मध्यें त्यांनीं माझगांवच्या आपल्या बंगल्यांत गॅसचे दिवे लावून दाखविले. सन १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना आपलें सभासद करून घेतलें; हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पुढें मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे ते मुख्य इंजिनियर झाले आणि गोरे कारागीर त्यांच्या हाताखालीं काम करूं लागले. हा मान त्यांना विद्यापीठाच्या पदवीनें मिळाला नव्हता; मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तेंच मुळीं सन १८५७ मध्यें.

खलाशाच्या मानाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटलेला नाहीं. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईस 'तलवार' या नाविक ठाण्यांतील खलाशांनीं काम बंद केलें. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा हीं तात्कालिक कारणें होतीं. मागें स्वातंत्र्याची आकांक्षा होती. थोड्याच दिवसांत तो वणवा अनेक जहाजांवर पसरला. जो यंत्र चालवितो त्यालाही मनुष्य म्हणून वागवा, हीच त्यांची मागणी होती. आज काळ बदलला आहे. परंतु अधिकारी आणि नौसैनिक यांच्या पगारांत, निवासांत व अधिकारांत अंतर आहे, आणि हें अंतर पालकांनीं आधींच समजून घ्यावें. हाताच्या कामाची आवड असलेला मुलगाच त्या अंतराची फारशी खंत न करतां सुखी राहूं शकेल.

आतां वाटा कोणत्या तें सांगतों. अधिकारी व्हावयाचें असेल तर बारावी विज्ञानानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, किंवा केरळांतील एळिमला येथील नौदल अकादमींत चार वर्षांचा अभियांत्रिकी पदवीचा अभ्यासक्रम, असे मार्ग आहेत. नौसैनिक व्हावयाचें असेल तर १४ जून २०२२ रोजीं सरकारनें जाहीर केलेली अग्निपथ योजना नीट वाचली पाहिजे. तिच्या नियमांप्रमाणें साडेसतरा ते एकवीस वर्षें वयाच्या अविवाहित तरुणांना चार वर्षांसाठीं अग्निवीर म्हणून घेतात. बारावीला गणित व पदार्थविज्ञान घेतलेल्यांस, तसेंच यंत्र, विद्युत् इत्यादि शाखांची तीन वर्षांची पदविका मिळविलेल्यांस एका प्रकारांत अर्ज करतां येतो. दहावी उत्तीर्णांसाठीं निराळा प्रकार आहे. संगणकावरील लेखी परीक्षा हिंदी व इंग्रजींत असते. धांवण्याच्या चांचणींत मुलांनीं १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत आणि मुलींनीं आठ मिनिटांत पुरें करावयाचें असतें. मुलींना हें दार याच योजनेनें प्रथम उघडलें. २८ मार्च २०२३ रोजीं ओडिशांतील 'चिल्का' या शिक्षणकेंद्रांतून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तींत अडीचशेंहून अधिक मुली होत्या.

चिल्का येथें प्राथमिक शिक्षण झालें कीं शाखेप्रमाणें पुढील धडे मिळतात. यंत्रशाखेचें माहेरघर आमच्याच महाराष्ट्रांत, लोणावळ्यास आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं स्थापन झालेल्या त्या संस्थेचें नांव 'शिवाजी'. ज्या राजानें डोंगरांतून उतरून आरमार उभारलें, त्याचें नांव डोंगरांतील नाविक शाळेला शोभतें. तेथें इंजिनें उकलून जोडावयास शिकवितात, तसेंच जहाजाला भोंक पडून पाणी आंत येऊं लागलें अथवा आग लागली तर काय करावें, याचाही सराव करवितात. विजेच्या शाखेचें शिक्षण जामनगरच्या 'वालसुरा' या संस्थेंत होतें. कोणती शाखा मिळेल हें मात्र केवळ उमेदवाराच्या इच्छेवर नसतें. नौदलाची गरज आणि उमेदवाराची योग्यता पाहून तें ठरतें. यंत्रखान्याचें स्वप्न पाहणाऱ्यानें ही गोष्ट मनांत वागवूनच अर्ज करावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जाहीर झालेल्या नियमांप्रमाणें चार वर्षांनंतर जास्तींत जास्त शेंकडा पंचवीस अग्निवीरांना पुढील नियमित सेवेंत घेतलें जाईल. बाकीच्यांना परत यावें लागेल. पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपये वेतन ठरलें असून त्यांतील २१,००० हातीं येतात आणि ९,००० सेवानिधींत जमा होतात. चौथ्या वर्षीं वेतन ४०,००० होतें. सरकारनें तितकीच भर घातल्यानंतर चार वर्षांच्या अखेरीस व्याजासह सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये मिळतील, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. परत येणाऱ्यास निवृत्तिवेतन नाहीं. सन २०२२ पूर्वीं आर्टिफिसर अप्रेंटिस म्हणून भरती होणाऱ्या मुलाची पहिली नेमणूकच वीस वर्षांची असे. वर ज्या वीस वर्षांच्या अनुभवाची आम्हीं थोरवी गाइली, तो त्या व्यवस्थेचें फळ होता. नव्या व्यवस्थेंत तो अनुभव चौघांपैकीं फार तर एकाच्या वांट्यास येईल. शेजारच्या काकांनीं किंवा मामांनीं सांगितलेली जुनी माहिती म्हणूनच पुरेशी नाहीं. नियम बदलतात, दरवर्षीं निघणारी अधिकृत जाहिरात मुलानें व वडिलांनीं दोघांनीं मिळून वाचावी.

यावरून कोणी म्हणेल कीं मग ही वाट धरूंच नये. आमचें मत तसें नाहीं. चार वर्षें यंत्रखान्यांत घालविलेला बाविशीचा तरुण परत आला, तर त्याच्यापाशीं कांहीं लाख रुपये, शिस्त आणि एक हुन्नर असतो. आमच्या जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत. लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. डिझेल जनित्रें आणि शीतगृहें सर्वत्र आहेत. परंतु हें सर्व पदरांत पडण्यासाठीं जातांना दोन गोष्टी हातीं असाव्यात. एक, बारावी किंवा पदविका पुरी झालेली असावी. शिक्षण अर्धें टाकून जाणाऱ्याची परत आल्यावर अडचण होते. दुसरी, ती चार वर्षें काम शिकण्याचीं मानावींत. जो पाळीपुरता उभा राहिला त्याच्या हातीं पैसा येईल. ज्यानें प्रत्येक यंत्र कां चालतें हें विचारलें त्याच्या हातीं विद्याही येईल.

ज्यांना जहाजाचें यंत्र हवें पण समुद्रावरचें आयुष्य नको, त्यांच्यासाठीं आणखी एक वाट आहे. मुंबईच्या नौदल गोदींत व माझगांव डॉकमध्यें शिकाऊ उमेदवार घेतात, आय. टी. आय. मधून फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक असे अभ्यासक्रम पुरे केलेल्या मुलांना तेथें अर्ज करतां येतो. भारतांत बांधलेली पहिली फ्रिगेट जातीची युद्धनौका 'नीलगिरी' ही सन १९७२ मध्यें माझगांव डॉकमधूनच नौदलास मिळाली. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायमची नोकरी नव्हे. पण युद्धनौकेचें पोट उघडें करून पाहण्याची संधि तेथें मिळते.

याच ठिकाणीं एक इशारा देणें आवश्यक आहे. नौदल वेगळें आणि माल वाहणाऱ्या खासगी कंपन्यांचीं व्यापारी जहाजें वेगळीं. गांवोगांवीं 'नेव्हींत लावून देतों' म्हणून पैसे मागणारे दलाल फिरतात. नौदलाच्या भरतींत कोणत्याही दलालाला स्थान नाहीं. व्यापारी जहाजांचें काम प्रतिष्ठेचें आहे. परंतु तेथें जाण्यापूर्वीं संस्था सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या यादींत आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊं नये. शेत गहाण टाकून दलालाच्या हवालीं पैसे करणें म्हणजे समुद्र पाहण्यापूर्वींच बुडणें होय.

या कामांतील कष्ट आणि धोके लपविणें आम्हांस उचित वाटत नाहीं. यंत्रखान्यांत उष्मा असतो, कान बधिर करणारा घोष असतो, तेलाचा वास असतो, आणि वर जहाज हलत असतें. घरचें लग्न, सणवार, आजारपण यांना पोंचतां येईलच असें नाहीं. ९ डिसेंबर १९७१ रोजीं 'खुकरी' ही नौका शत्रूच्या पाणबुडीनें बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी समुद्रार्पण झाले. शांततेच्या काळींही आग हा जहाजाचा शत्रूच असतो. २६ एप्रिल २०१९ रोजीं 'विक्रमादित्य' कारवार बंदरांत शिरत असतां यंत्रभागांत आग लागली; ती विझविण्यास पुढें गेलेले लेफ्टनंट कमांडर धर्मेंद्रसिंह चौहान यांना प्राण गमवावे लागले. जहाज वांचलें. अधिकारी आणि नौसैनिक यांच्यांतील अंतर अशा वेळीं राहत नाहीं, हेंही येथें लक्षांत यावें.

मग निवड कशी करावी? मुलांनीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. बिघडलेली वस्तु हातीं आली तर ती नीट होईपर्यंत आपणांस चैन पडतें का? एकच कांटा तासन्‌तास पाहण्याचें कंटाळवाणें काम आपण मन न ढळूं देतां करूं शकतों का? आणि दुसऱ्यानें दिलेली आज्ञा, ती कां दिली हें तत्काळ न कळलें तरी, आपण पाळूं शकतों का? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तर हा व्यवसाय त्याच्यासाठीं आहे. पहिल्याचें होय आणि दुसऱ्या दोहोंचें नाहीं असें असेल, तर त्यानें आपलें दुकान काढावें. तेंही चांगलेंच काम आहे. आणि यंत्रापेक्षां माणसें चालविण्याची आवड असेल तर त्यानें अधिकारीपदाची परीक्षा द्यावी.

तयारी आजपासून करतां येते. गणित व पदार्थविज्ञान घोकूं नये, समजून घ्यावें. दाब, उष्णता आणि गति यांचे धडे म्हणजे यंत्रखान्याची बाराखडी आहे. इंग्रजी वाचनाचा सराव करावा, कारण यंत्रांचीं पुस्तकें त्याच भाषेंत असतात. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं विहिरींत पोहावयास शिकावें. पहांटे धांवावें. आणि घरचा पंप दुरुस्त करावयास कारागीर येईल तेव्हां त्याच्याजवळ बसून, तो कोणता स्क्रू कोणत्या क्रमानें काढतो, हें पाहावें.

पालकांना आमची विनंति इतकीच. मुलानें हीं सर्व माहिती घेऊन, चार वर्षांचा हिशेब समजून, तरीही यंत्रखान्याची वाट धरावयाची म्हटलें, तर 'एवढा शिकून शेवटीं खलाशीच का?' असें म्हणूं नये. त्याच्या हिशेबांत चूक असेल तर ती अवश्य दाखवावी. परंतु त्याच्या हातांची लाज बाळगूं नये. आणि ज्याच्या मनांत ही आवड नाहीं, त्याला केवळ गणवेशासाठीं किंवा सेवानिधीसाठीं तिकडे ढकलूंही नये. समुद्रावर इंजिन बंद पडलें असतां तें पुन्हां चालू करील असा मनुष्य जहाजाला हवा असतो. आणि तो कोणत्या गांवचा, समुद्रापासून किती कोसांवरचा, हें इंजिन विचारीत नाहीं.